जुन्या व्हॅनची बैठक : उंची आणि प्रवाससुख यांचे गणित

भिलाईचे नाव घेताच पोलादाचे स्मरण होते. भारत व सोव्हिएत संघ यांच्यात 1955 साली झालेल्या करारातून येथील कारखाना उभा राहिला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबरच सेक्टरांत विभागलेली कामगारांची वसाहतही वसली. ह्या कारखान्यात तयार होणारे रेल्वेचे रूळ ही पोलादाच्या कणखरपणाची साक्ष होय. परंतु पोलादाच्या अंगी दुसराही एक गुण आहे, आणि तो लवचिकपणाचा. भार पडताच वाकावे आणि भार निघताच मूळ स्थितीला यावे, हा तो गुण. मोटारगाडीत बसणाऱ्याचे सुख ह्या दुसऱ्या गुणावर अवलंबून असते.

ह्याच वसाहतीतील सेक्टर 10 मध्ये एखाद्या घरासमोर जुनी व्हॅन उभी आहे, अशी कल्पना करावी. पूर्वीच्या मालकाने शोभेसाठी तिची उंची कमी केलेली आहे. गाडी दिसते देखणी. पण घरची सात-आठ माणसे बसवून ती रस्त्यावर आणली, की प्रत्येक गतिरोधकावर ती धडाडते आणि मागे बसलेल्या वृद्धांची कंबर दुखू लागते. मालक म्हणतो, "स्प्रिंगा कडक झाल्या आहेत." हे निदान बहुधा चुकीचे असते, आणि चुकीच्या निदानावर केलेला उपाय कधीकधी धोक्याचा ठरतो. गाडीची उंची व स्प्रिंगेचा मऊपणा ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे प्रस्तुत पाठात दाखवावयाचे आहे.

व्हॅनचे कुळ

माणसे व माल दोन्ही वाहू शकणारी पेटीसारखी मोटार म्हणजे व्हॅन. ह्या प्रकारातील फोक्सवॅगन कंपनीची 'टाइप 2' ही गाडी जगप्रसिद्ध आहे. तिचे उत्पादन जर्मनीत 1950 साली सुरू झाले. तिचे एंजिन मागे असून पुढील व मागील आसांमधील अंतर 2.40 मीटर होते. व्हॅनची उंची कमी करण्याची हौस प्रामुख्याने ह्याच गाडीच्या शौकिनांत वाढीस लागली.

महाराष्ट्राला अधिक परिचित अशी व्हॅन म्हणजे मेटॅडोर. 1958 साली स्थापन झालेल्या बजाज टेंपो ह्या कंपनीने पुण्याजवळील आकुर्डी येथे ती 1969 पासून बनविली. एंजिन व चालना दोन्ही पुढील चाकांकडे असल्यामुळे तिच्या मागील भागातील तळ जमिनीलगत ठेवता आला. ह्या कंपनीच्या गाड्या इतक्या सर्वत्र पसरल्या, की 'टेंपो' व 'मेटॅडोर' ही विशेषनामे मराठीत सामान्यनामे होऊन बसली. गाडी कोणत्याही कंपनीची असो, स्प्रिंगेचे नियम सर्वांना सारखेच लागू पडतात.

स्प्रिंग काय करते?

इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने 1678 साली एक साधा नियम मांडला : स्प्रिंग जितकी ताणावी किंवा दाबावी, तितक्या प्रमाणात तिचा प्रतिकार वाढतो. एका सेंटिमीटरला 25 किलोग्रॅम भार लागत असेल, तर दहा सेंटिमीटरला 250 किलोग्रॅम लागेल. ह्या 25 च्या आकड्याला स्प्रिंगेचा ताठपणा म्हणतात. स्प्रिंगेवर गाडी स्थिर उभी असता स्प्रिंग जितकी दबलेली असते, त्या अंतराला स्थिर दाब म्हणावे. प्रवाससुखाचे रहस्य ह्या अंतरात आहे.

दाबून सोडलेली गाडी वरखाली झुलते. एका झोक्यास लागणारा काळ स्थिर दाबाइतक्या लांबीच्या लंबकाच्या झोक्याइतकाच असतो. सेकंदांतील हा काळ काढण्याची सोपी रीत अशी : स्थिर दाब सेंटिमीटरांत मोजून त्याचे वर्गमूळ काढावे व त्याची पाचांशाने पट करावी. स्थिर दाब 25 सेंटिमीटर असेल, तर वर्गमूळ 5 व झोक्याचा काळ सुमारे 1 सेकंद येतो. दाब सव्वासहा सेंटिमीटर असेल, तर वर्गमूळ अडीच व काळ अर्धा सेकंद येतो. माणूस चालताना त्याचे शरीर सेकंदाला दीड-दोन वेळा वरखाली होते. त्या लयीची किंवा त्याहून मंद हालचाल शरीराला मानवते. सेकंदाला चार ते आठ कंप होऊ लागले, की पोट व छातीतील अवयव त्या कंपाला साथ देऊ लागतात आणि मनुष्य लवकर थकतो.

हा नियम शाळेत सहज पडताळता येतो. हलक्या स्प्रिंगेला वजन टांगावे व तिची लांबी किती वाढली ते मोजावे. शेजारी बारीक दोऱ्याला लहान गोटी बांधून तेवढ्याच लांबीचा लंबक टांगावा. मात्र लांबी गोटीच्या मध्यापर्यंत मोजावी. दोन्ही एकाच वेळी सोडले असता एक वरखाली व दुसरा आडवा झुलेल, पण दोघांची लय जवळजवळ जुळलेली दिसेल.

उंची कमी केल्याने काय हरवते?

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. जुन्या फोक्सवॅगन व्हॅनमध्ये वेटोळ्यांच्या स्प्रिंगा नाहीत. मागील बाजूस प्रत्येक चाकासाठी पोलादाची एक गोल दांडी आडवी बसविलेली असते. तिचे आतले टोक चौकटीत पक्के असते व बाहेरच्या टोकाला चाकाकडे जाणारी पट्टी जोडलेली असते. चाक वर गेले, की दांडीला पीळ बसतो. तिला टॉर्शन बार म्हणतात. पुढील बाजूस दोन आडव्या नळ्यांत पोलादी पात्यांचे जुडगे असते व तेही असेच पिळले जाते.

उंची कमी करणारा कारागीर दांडी बदलत नाही. तो फक्त पट्टीचा आरंभीचा कोन बदलतो. दांडी तीच, ताठपणा तोच, वजनही तेच. मग स्थिर दाबही तोच राहतो आणि झोक्याचा काळही बदलत नाही. म्हणजे स्प्रिंग कडक झालेलीच नसते.

मग धक्का का बसतो? कारण चाकाला वर जाण्यासाठी असलेला वाव कमी झालेला असतो. चाक मर्यादेबाहेर वर जाऊन लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून तेथे रबराचा ठोकळा बसविलेला असतो. वाव संपला, की चाकाचा आधार ह्या ठोकळ्यावर आपटतो. त्या क्षणी 25 किलोग्रॅमची मऊ स्प्रिंग दूर राहते व कितीतरी अधिक ताठ रबर तिची जागा घेते. बसणाऱ्याला जाणवतो तो हाच आघात.

माणसे बसल्यावर

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. रिकाम्या गाडीच्या मागील एका स्प्रिंगेवर 250 किलोग्रॅम व माणसे आणि सामान भरल्यावर 400 किलोग्रॅम भार येतो, असे समजावे. ताठपणा सेंटिमीटरला 25 किलोग्रॅम आहे. तेव्हा रिकाम्या गाडीत स्थिर दाब 10 व भरलेल्या गाडीत 16 सेंटिमीटर होईल. झोक्याचा काळ अनुक्रमे 0.63 व 0.8 सेकंद येईल. भरलेली गाडी अधिक सुखकर वाटते ती ह्याच कारणाने.

मात्र भरल्याने मागील भाग 6 सेंटिमीटर खाली गेला, हे विसरता कामा नये. मूळ गाडीत चाकाला वर जाण्यास 12 सेंटिमीटर वाव असेल, तर भरल्यावर 6 उरतो आणि रस्त्यावरील बहुतेक खड्डे तेवढ्यात सामावतात. परंतु मालकाने गाडी आधीच 6 सेंटिमीटर खाली आणली असेल, तर भरल्यावर उरणारा वाव शून्य होय. अशी गाडी सेक्टर 10 मधून निघून राजनांदगाव, देवरी, साकोली व भंडारा ह्या मार्गाने नागपूरला निघाली, तर ती पहिल्यापासून शेवटपर्यंत रबरावर बसूनच जाईल. वाटेतला प्रत्येक आघात चौकटीला, सांध्यांना व माणसांच्या पाठीच्या मणक्यांना सोसावा लागेल. ह्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, वळणावर एका बाजूचा आधार एकाएकी ताठ झाला, तर त्या बाजूच्या टायरची रस्त्यावरील पकड अकस्मात बदलते.

ह्यावर जाड दांडी बसविणे हा उपाय सुचविला जातो. दांडीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. व्यास आठव्या हिश्श्याने वाढविला, तरी ताठपणा दीडपटीहून अधिक होतो. 25 ऐवजी 40 किलोग्रॅमची दांडी घेतली, तर भरल्यावर गाडी पावणेचार सेंटिमीटरच दबेल व सव्वादोन सेंटिमीटर वाव उरेल. पण रिकाम्या गाडीचा झोका आता अर्ध्या सेकंदाचा झाला. म्हणजे गाडी प्रत्येक लहान खड्ड्यावर कडक लागणार. ह्याउलट मूळ दांडी ठेवून उंची 6 ऐवजी 3 सेंटिमीटरच कमी केली, तर भरलेल्या गाडीत 3 सेंटिमीटर वाव उरतो व मऊपणाही कायम राहतो. तीन सेंटिमीटर शोभा सोडल्याने दोन्ही गोष्टी साधतात.

गतिरोधकाची भूमिती

इंडियन रोड्स काँग्रेसने 1988 साली गतिरोधकांविषयी मार्गदर्शिका काढली. ताशी 25 किलोमीटर वेगासाठी तिने सुचविलेला गोलाकार गतिरोधक 17 मीटर त्रिज्येचा, 3.7 मीटर रुंद व 10 सेंटिमीटर उंच आहे. त्यावर 2.40 मीटर आसांतराची व्हॅन मधोमध आली, म्हणजे तिची चारही चाके उंचवट्यावरच असतात. त्या वेळी पोटाखालील अंतर किती घटते? आसांतराचा वर्ग त्रिज्येच्या आठपटीने भागला असता 5.76 भागिले 136, म्हणजे सुमारे 4.2 सेंटिमीटर एवढे उत्तर येते. पण अनेक ठिकाणी गतिरोधक अरुंद असतो. पुढील चाके तो ओलांडून खाली उतरलेली व मागील चाके अद्याप अलीकडे, अशा स्थितीत पूर्ण 10 सेंटिमीटर उंची पोटाखाली येते.

रिकाम्या गाडीच्या पोटाखाली मूळचे 20 सेंटिमीटर अंतर असून ते 6 ने कमी केले, तर 14 उरतात. माणसे बसल्यावर मध्यभाग आणखी 4 सेंटिमीटर दबला, तर 10 उरतात आणि ते सर्व अरुंद गतिरोधक घेऊन टाकतो. गाडी किंचित झुलली तरी तळ घासणार, हे उघड आहे. म्हणून उंची नेहमी भरलेल्या गाडीवर ठरवावी.

उंची जुळविण्याच्या रीती

टॉर्शन बारच्या दोन्ही टोकांना दाते असतात व दोन टोकांच्या दात्यांची संख्या भिन्न ठेवलेली असते. समजा आतल्या टोकाला 40 व बाहेरच्या टोकाला 44 दाते आहेत. आतला एक दाता सरकविला, तर कोन 9 अंशांनी बदलतो. बाहेरचा एक दाता सरकविला, तर सुमारे 8 अंश 11 कलांनी बदलतो. आतला एक दाता एका दिशेस व बाहेरचा एक दाता उलट दिशेस सरकविला, तर दोहोंतील फरक, म्हणजे केवळ 49 कला, एवढाच बदल होतो. पट्टी 40 सेंटिमीटर लांब असेल, तर चाकाच्या उंचीत तो अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित अधिक भरतो. दोन जाड दात्यांच्या वजाबाकीतून सूक्ष्म मोजणी साधण्याची ही युक्ती व्हर्नियर मोजपट्टीच्या तत्त्वाशी मिळतीजुळती आहे.

पुढील बाजूसाठी दुसरी एक रीत आहे. चाक ज्या खुंटावर फिरते तो खुंटच आधारावर अधिक उंच जागी बसविलेला सुटा भाग वापरतात. त्यामुळे गाडी खाली येते, पण आधाराचा कोन मूळचाच राहतो व रबरापर्यंतचा वाव कमी होत नाही. मात्र टायर व पत्रा यांतील अंतर घटते. स्टीअरिंग पूर्ण वळवून व चाक पूर्ण वर उचलून ते तपासलेच पाहिजे.

काही रीती मात्र सर्वथा टाकाऊ होत. वेटोळ्याची स्प्रिंग कापली, तर तिचा ताठपणा वाढतो. आठ वेढ्यांतील एक कापला, तर उरलेली स्प्रिंग सातव्या हिश्श्याने अधिक ताठ होते व तिचे टोक खोबणीत नीट बसत नाही. गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून बसविली, तर पोलादाला दिलेले पाणी उतरते व ती पुढे बसतच जाते किंवा तुटते. पाट्यांच्या स्प्रिंगेतील एखादा पाटा काढला, तर उरलेल्या पाट्यांवर अधिक ताण येऊन त्यांचे आयुष्य घटते.

शॉक ॲब्सॉर्बर व चाकांचा कल

झोका थांबविणे हे स्प्रिंगेचे काम नव्हे. ते काम शॉक ॲब्सॉर्बरचे, म्हणजे गॅरेजमधील भाषेत 'शॉकअप'चे आहे. त्यातील तेल बारीक छिद्रांतून जाताना झोक्याची शक्ती उष्णतेत रूपांतरित होते. खाली आणलेल्या गाडीला मूळ लांबीचा शॉकअप ठेवला, तर तो आतून तळाला टेकतो व रबराआधी तोच आदळू लागतो. म्हणून बदललेल्या उंचीस योग्य अशा आखूड लांबीचा शॉकअप निवडावा. तो फार कडकही नसावा. सुटण्याच्या दिशेने फार कडक शॉकअप चाकाला खाली परतू देत नाही. तोच दुसरा खड्डा येतो व गाडी पायरीपायरीने अधिकच खाली बसत जाते. परीक्षा सोपी आहे : गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडावा. तो वर येऊन एकदा किंचित ओलांडून स्थिर झाला, तर शॉकअप ठीक. झुलतच राहिला, तर तो निकामी समजावा.

उंचीबरोबर चाकांचा कलही बदलतो. 1967 पर्यंतच्या फोक्सवॅगन व्हॅनमध्ये मागील अर्धे आस आतल्या टोकाशीच लवत असत. गाडी खाली येताच चाकांच्या माथ्यांचा कल आत होतो व टायरची आतली कड झिजते. पुढची बाजू मागच्यापेक्षा 4.2 सेंटिमीटर अधिक खाली आणली, तर 2.40 मीटर आसांतरावर गाडी एक अंशाने पुढे झुकते. पुढील चाकांच्या वळण्याचा अक्ष तेवढाच उभा होतो आणि वेगात स्टीअरिंग अस्थिर वाटू लागते. म्हणून पुढची बाजू मागच्याहून फार खाली नसावी व प्रत्येक बदलानंतर चाकांची जुळणी करून घ्यावी. दिव्यांचे झोतही पुन्हा लावावेत, कारण नाक खाली गेले की प्रकाश जवळच पडतो.

कामाचा क्रम

प्रथम टायरमधील हवा नेमून दिलेल्या दाबाची करावी. सपाट जमिनीवर, नेहमीइतकी माणसे बसवून, चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहावे. मग रबर व चाकाचा आधार यांतील वाव मोजावा. रबरावर ताजे घासल्याचे डाग असतील, तर निदान निश्चित झाले. दांडीच्या व पट्टीच्या मूळ जागेवर खूण केल्यावाचून काहीही सोडू नये. बदल थोडाथोडा करावा व डावीउजवी बाजू समान ठेवावी. गाडी थोडी चालवून स्थिरावल्यावरच पुन्हा मोजावे.

पिळलेली दांडी सोडताना विशेष काळजी हवी. वरील उदाहरणातील स्प्रिंग 10 सेंटिमीटर दबलेली असता तिच्यात साठलेली शक्ती साडेबारा किलोग्रॅमचे वजन एक मीटर उंचीवरून पडावे, एवढी असते. पट्टी आधारावरून निसटली, तर ती हाताची बोटे तोडू शकते. हे काम अनुभवी मिस्त्रीनेच करावे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. पक्क्या घोड्या लावलेल्या असाव्यात.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, असा फेरफार करता येत नाही. शिवाय केंद्र सरकारने 2021 साली जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक झालेले व मूळ स्वरूपात राखलेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन त्यांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. मात्र त्याची चौकट, सांगाडा किंवा एंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. कापून जोडलेली नळी परत मूळची होत नाही, पण सरकविलेला दाता परत मूळ जागी येऊ शकतो. म्हणून जो फेरफार उलटविता येतो तोच करावा आणि त्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

उपसंहार

स्प्रिंगेचा ताठपणा लय ठरवितो, उरलेला वाव आघात ठरवितो व शॉकअप झोका शमवितो. ही तीन कामे वेगळी ओळखली, म्हणजे गाडी धडाडते तेव्हा दोष तिघांपैकी कोणाचा ते मोजून सांगता येते. सेक्टर 10 मधील त्या व्हॅनला कदाचित नवी स्प्रिंग नकोच असेल. तिला हवे असतील हरवलेले तीन सेंटिमीटर. ते परत दिले, म्हणजे मागच्या बाकावरील आजोबांना नागपूरपर्यंतचा रस्ता आपोआपच गुळगुळीत झाल्यासारखा वाटेल.